गोळी किती खोल बसवायची?

मी वाढलो खडकीत. सकाळी दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की घरोघरी घड्याळं लावली जायची आणि रस्त्यावर सायकलींची रांग लागायची. भिंतीपलीकडे नेमकं काय बनतं याची चौकशी कुणी करत नसे. विचारलं तर काका लोक "काम असतं" एवढंच म्हणायचे. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर मी मिशिगनमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये बसून स्वतःच्या हातानं काडतुसं भरत असेन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आईला तर अजूनही नीट सांगता आलेलं नाही. एकदा फोनवर "शेजाऱ्यांकडे दारू भरायला चाललोय" म्हणालो, तर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

तुमच्यापैकी काहींना हा छंद विचित्र वाटेल. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही आणि लाखो लोक ती भरतात. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि शेवटी प्रेसचा दांडा खाली ओढून पुंगळीच्या मानेत गोळी दाबायची. या शेवटच्या पायरीवरच मी चुकलो.

माझा विचार असा होता. गोळी जितकी आत दाबावी तितकी पुंगळीतली जागा कमी, म्हणजे दाब जास्त. उलट गोळी जरा बाहेर ठेवली की आत जागा जास्त आणि दाब कमी. शाळेत बॉइलचा नियम शिकलेल्या कुणालाही हे पटेल. पुस्तकात दिलेलीच दारू घेतली, गोळी पुस्तकातल्या मापापेक्षा थोडी बाहेर ठेवली आणि आपण जास्त सुरक्षित बाजूला आहोत अशा समाधानात वीस काडतुसं तयार केली. रेंजवर पहिल्या दोन बारांना बोल्टचा दांडा जड गेला, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्या बाराला तो उघडेचना. तळहातानं ठोकून उघडला तेव्हा पुंगळीच्या बुडाची टोपी चपटी होऊन कडांपर्यंत पसरली होती, इस्त्री फिरवल्यासारखी. म्हाताऱ्यानं पुंगळी हातात घेतली, उजेडात धरली आणि रायफल माझ्याकडून काढून घेतली. एवढंच म्हणाला, "आज बस."

माझी समजूत कुठे चुकली हे शोधताना मी जे वाचलं ते आता तुम्हाला सांगतो. गोष्ट सुरू होते १७४२ मध्ये.

त्या वर्षी बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं तोफविद्येवरचं पुस्तक आलं. रॉबिन्सनं लाकडाचा एक जड लोलक टांगला, त्यात गोळी मारली आणि लोलक किती मागे गेला त्यावरून गोळीचा वेग काढला. दारूचा वायू वातावरणाच्या सुमारे हजार पट दाब देतो, असाही अंदाज त्यानं केला. पण मला थांबवलं ते त्याच्या दुसऱ्याच एका निरीक्षणानं. नळीत दारू तळाशी आणि गोळी तिच्यापासून बरीच पुढे, मध्ये मोकळी जागा, अशी बंदूक उडवली तर नळी गोळीपाशी फुगते किंवा फुटते, असं त्यानं लिहून ठेवलंय. मधल्या जागेतून वेगानं धावत आलेला वायू थांबलेल्या गोळीमागे साठतो, हे त्याचं स्पष्टीकरण. म्हणजे दारू तेवढीच, गोळी तीच, जागा उलट जास्त, आणि तरी नळी फुटते. गोळी कुठे बसली आहे यावर दाब ठरतो आणि तो "जागा कमी तर दाब जास्त" इतका सरळ नसतो, हे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर आलेलं होतं. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्याचा लोलक शाळेच्या पुस्तकात भेटतो, पण तो आपल्याकडे येऊन मेला हे मला मिशिगनमध्ये कळलं.

रॉबिन्सनंतर शंभर वर्षं अडचण एकच होती, दाब मोजायचा कसा? एका सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन गेलेली गोष्ट पकडायची कशी? १८६० च्या सुमारास अमेरिकन सैन्यातल्या थॉमस रॉडमननं तोफेच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या बसवला. दट्ट्याच्या टोकाला धारदार पातं, पात्यापुढे तांब्याचा तुकडा. बार उडाला की पातं तांब्यात रुतायचं आणि खाचेच्या लांबीवरून दाब काढायचा. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबलनं पातं काढून टाकलं आणि तांब्याची छोटी नळकांडीच चेपू दिली. आधी मोजा, नंतर मोजा, किती चेपली ते बघा. ही युक्ती इतकी सोपी आणि स्वस्त होती की पुढची शंभर वर्षं साऱ्या जगाच्या कारखान्यांनी तीच वापरली.

पण चेपलेलं तांबं फक्त एक आकडा देतं. दाब कधी चढला, किती वेळ टिकला, हे ते सांगत नाही. शिवाय तांब्याला चेपायला वेळ लागतो, तोवर शिखर येऊन जातं, म्हणून आकडाही कमीच येतो. थर्टी-ऑट-सिक्स या अमेरिकेतल्या सर्वांत परिचित काडतुसाची मर्यादा तांब्याच्या मापात ५०,००० आहे आणि आजच्या विद्युत मापकात चौरस इंचाला ६०,००० पौंड. दोन्ही एकच दाब आहेत. जुनी पुस्तकं आणि नवी पुस्तकं शेजारी उघडून बसणाऱ्या नवशिक्याचा इथे हमखास घोटाळा होतो, माझाही झाला. ६०,००० पौंड म्हणजे वातावरणाच्या चार हजार पटींहून अधिक. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३५ पौंड असतात.

या दरम्यान दारूच बदलली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं बिनधुराची दारू केली. काळ्या दारूच्या मानानं तिचा स्वभाव फार वेगळा होता. काळी दारू आसपासच्या दाबाला फारशी जुमानत नाही. बिनधुराची दारू मात्र दाब वाढला की अधिक वेगानं जळते, अधिक वेगानं जळली की दाब आणखी वाढतो, की पुन्हा अधिक वेगानं जळते. व्याजावर व्याज. सुरुवातीला किंचित फरक पडला की शेवटी मोठा फरक पडतो तो यामुळे. काळ्या दारूच्या दिवसांतले नेमबाज गोळी थेट नळीच्या आट्यांना टेकवून बसवत, कधी पुंगळीच्या पुढे वेगळीच ठासत, आणि त्यांचं काही बिघडत नसे. अचूकतेसाठी गोळी आट्यांना टेकवायची सवय तिथली. दारू बदलली, सवय राहिली.

आता आटे म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री चर कोरलेले असतात आणि चरांमधले उंचवटे गोळीला पकडून फिरवतात. गोळी या उंचवट्यांच्या अंतरापेक्षा किंचित जाड असते, म्हणून तिला त्यांच्यात घुसताना स्वतःची कातडी कोरून घ्यावी लागते. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर गोळी आणि आट्यांची सुरुवात यांच्यात थोडी मोकळी जागा असते, अनेकदा एखाद-दोन मिलिमीटर. बार उडाला की गोळी मान सोडते, ही मोकळी जागा पार करते आणि वेगात असतानाच आट्यांवर आदळते.

आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरची आठवण काढा. बंद पडलेली स्कूटर ढकलत नेताना दहा पावलं आधीपासून वेग घेतला तर चाक गतिरोधकावरून सहज जातं. चाक गतिरोधकाला टेकूनच स्कूटर बंद पडली असेल तर? मग सगळा जोर जागच्या जागी लावावा लागतो. आट्यांना टेकलेल्या गोळीचं तसंच होतं. ती हलत नाही, मागे दारू जळत राहते, वायूला पसरायला जागा मिळत नाही, दाब चढतो, दारू आणखी भडकते. शिवाय गोळी दूर असते तेव्हा सुरुवातीचा थोडा वायू तिच्या कडेनं पुढे निसटतो. टेकलेली गोळी बुचासारखी बसते आणि तीही वाट बंद होते. मी गोळी बाहेर ठेवून पुंगळीत एखादा टक्का जागा वाढवली होती आणि त्या बदल्यात गोळीची धाव काढून घेतली होती.

गोळी किती सहज सुटते यावर दाब ठरतो, याचा अमेरिकेला सर्वांत मोठा धडा मिळाला १९२१ मध्ये, इथून फार दूर नाही, ओहायोत ईरी सरोवराकाठच्या कँप पेरीला. तिथल्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांसाठी फ्रँकफर्ड आर्सेनलनं खास काडतुसं बनवली होती. त्या काळी गोळ्यांवरच्या तांबे-निकेलच्या आवरणाचे गठ्ठे नळीत चिकटायचे. ते टाळायला नेमबाज गोळीचं टोक ग्रीसच्या डबीत बुडवून मग काडतूस भरत. त्या वर्षी गोळीला कथलाचा मुलामा दिला, म्हणजे ग्रीसची गरजच नको. कल्पना चांगली होती, कथलानं नळी खरंच स्वच्छ राहिली. पण काडतुसं काही काळ पडून राहिल्यावर कथील आणि मानेचं पितळ एकमेकांना चिकटलं, आच न देता डाग लावल्यासारखं. गोळी ओढून काढायला एरवी पन्नासेक पौंड जोर लागायचा, तिथे आता शेकडो पौंड लागू लागला. काही गोळ्या मानेचा तुकडा बरोबर घेऊनच उडाल्या. ग्रीसची सवय सुटली नव्हती त्यांनी वर ग्रीसही लावलं, ते मानेभोवतीच्या फटीत भरलं आणि मान फुगून गोळी सोडायची वाटही बुजली. दाब धोक्याच्या पलीकडे गेला. हा सगळा प्रकार ज्युलियन हॅचरनं १९४७ च्या आपल्या टिपणवहीत सविस्तर लिहिलाय. तो सैन्याच्या शस्त्रास्त्र खात्यातला अधिकारी होता आणि फुटलेल्या रायफलींच्या कहाण्या शवविच्छेदनाच्या अहवालासारख्या शांतपणे सांगतो. मला तो लेखक म्हणूनही आवडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद घरोघरी गेला. कॅन्ससमध्ये ब्रूस हॉजडननं सैन्याची उरलेली दारू घाऊक घेऊन स्वस्तात विकली, कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टननं दणकट प्रेस बनवल्या. त्याच कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी यानं १९४५ मध्ये दुकान थाटलं आणि माझ्या समजुतीच्या नेमकं उलटं केलं. आपल्या रायफलींत त्यानं आटे पुढे सरकवले. तीनशे वेदरबी मॅग्नममध्ये गोळीला आट्यांपर्यंत इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मोकळी धाव असते. त्यामुळे दाब मर्यादेत ठेवून जास्त दारू भरता आली आणि जास्त वेग मिळाला. अचूकता जाते म्हणून टीकाकारांनी बोंब मारली, ती आजही पूर्ण थांबलेली नाही. पण दाबाबाबत वेदरबीचा हिशोब बरोबर होता.

तरी प्रश्न उरतोच. गोळी आत सरकवत नेली की दाब सतत कमीच होत जातो का? नाही. कधीतरी बॉइलसाहेब परत येतातच. ते कुठे येतात हे बघायला तांब्याच्या चेपाहून बरं साधन हवं होतं. ते १९३८ मध्ये शोधलं गेलं. बारीक तार पोलादावर चिकटवायची, पोलाद ताणलं की तार ताणते, तारेचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल पडद्यावर वक्ररेषा होऊन उमटतो. बार उडतो तेव्हा चेंबरचं पोलादही केसभर फुगतं, तेवढं पुरतं. १९६० च्या दशकात मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक लॉइड ब्राउनेल यांनी अशा पद्धतीनं रायफलींतल्या दाबाचा अभ्यास केला. ॲन आर्बर माझ्या घरापासून तासाभरावर आहे. मी तिथे कितीदा दिवाळीच्या कार्यक्रमांना गेलोय, पण हे माहीत नव्हतं. ब्राउनेल यांच्या आलेखात गोळीची खोली आडवी आणि दाब उभा आहे. आट्यांना टेकलेल्या गोळीपाशी दाब वर. गोळी आत सरकत जाईल तसा खाली. मग एक तळ. आणि त्याहून आत नेली की पुन्हा वर. भांड्याच्या आकाराची रेषा. मी भांड्याच्या डाव्या काठावर उभा राहून उजव्या काठाला घाबरत होतो.

उजवा काठ खोटा नाही. तो पिस्तुलात दिसतो. हिशोब करून बघा. थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळीत चार मिलिलिटरच्या आसपास जागा असते. गोळी एक मिलिमीटर आत ढकलली तर ०.०५ मिलिलिटर जागा जाते, म्हणजे जेमतेम एक-सव्वा टक्का. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसात गोळीमागे एक मिलिलिटरही जागा नसते. तिथे गोळी पाऊण मिलिमीटर आत गेली तरी तेवढीच ०.०५ मिलिलिटर जाते, पण ती सात ते दहा टक्के होते, आणि दारूही झटकन जळणारी. स्पीअर कंपनीच्या पुस्तिकेतला प्रयोग प्रसिद्ध आहे. तांब्याच्या मापात २८,००० दाब देणाऱ्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसात गोळी फक्त ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जास्त खोल दाबली आणि दाब ६२,००० झाला. दुपटीहून जास्त. पिस्तुलवाल्यांनी "आत म्हणजे धोका" असं पाठ केलं ते यामुळे, आणि ते बरोबरच आहे. मी त्यांचा नियम उचलून रायफलीला लावला.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. काडतुसाची एकूण लांबी मोजून काही कळत नाही. दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्याच वजनाच्या असतात, पण एकीचं टोक निमुळतं आणि दुसरीचं गरगरीत. लांबी सारखी ठेवली तरी गरगरीत गोळीचे खांदे आट्यांच्या कितीतरी जवळ जातात. शिवाय प्रत्येक रायफलीचे आटे वेगळ्या जागी सुरू होतात आणि बार उडतील तसे ते तप्त वायूनं झिजून पुढे सरकतात. पुस्तकातलं माप पुस्तकाच्या रायफलीचं असतं.

सैन्याला हा सगळा विचार करावा लागत नाही, कारण तिथे हा आकडा कारखाना ठरवतो. खडकीचा कारखाना १८६९ चा. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीच्या बुडावर तिथला के एफ असा शिक्का असायचा. या काडतुसात कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या काड्या भरत, त्याही पुंगळीची मान आवळण्याआधी, कारण अरुंद मानेतून जुडी आत गेली नसती. वर पुठ्ठ्याची चकती, मग मान, मग गोळी. शिपायाच्या हातात पडेपर्यंत गोळीची खोली पक्की झालेली. आमच्या आळीतले एक काका तिथे तपासणीत होते. परवा त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते कामाबद्दल बोलले. म्हणाले, "अरे, गेजमधे नाही बसलं की बाजूला. लांब असो नाहीतर आखूड. आम्ही का म्हणून नाही विचारलं, पण एकही पुढे सोडलं नाही." मग थोडं थांबून, "तू घरी करतोस? गेज कुठाय तुझ्याकडे?"

गेज नव्हतं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं मला त्याचं गेज दाखवलं. माझ्या उरलेल्यांपैकी एका काडतुसाची गोळी त्यानं काळ्या मार्करनं रंगवली, रेंजवरच चेंबरमध्ये हळूच भरली आणि परत काढली. काळ्या रंगात एका ओळीत छोटे चौकोनी चरे उमटले होते, आट्यांचे. गोळी नुसती टेकत नव्हती, दाबली जात होती. स्पर्धांतले काही नेमबाज मुद्दाम अशी गोळी बसवतात, पण ते दारू कमी करून सुरुवात करतात आणि पायरी-पायरीनं वर जातात. मी पुस्तकातली वरची दारू घेऊन हे केलं होतं.

रात्री त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही उरलेली सतरा काडतुसं उकलली. त्यासाठी प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा मिळतो. काडतूस आत अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की जडपणामुळे गोळी पुढे निसटते. दारू एका वाटीत, गोळ्या दुसऱ्या वाटीत. मधेच त्याची बायको वरून ओरडली की काय चाललंय. तो म्हणाला, शेजारी स्वयंपाक शिकतोय. शेवटची गोळी निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्यानं दारूची वाटी तोलली, वहीत तारीख घातली आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता तुझ्या रायफलीचं माप तू लिही."